क्लीनर बाजूचा कॅलिपर

ब्रेकच्या दुकानात कोणी आनंदाने येत नाही. गाडीला नवी सीट कव्हरे घालायची असली तर माणूस घरच्यांना घेऊन येतो, रंग निवडतो, चहा घेतो. ब्रेकसाठी तो एकटा येतो, आणि आदल्या दिवशी कुठल्या तरी उतारावर काहीतरी घडलेले असते. काय घडले ते तो लगेच सांगत नाही. "जरा बघून घ्या," एवढेच म्हणतो. पुढचे आपण विचारून काढायचे.

विचारून काढायची सवय मला आधीच्या नोकरीने लावली होती. रत्नागिरीतल्या एका दैनिकात मी काही वर्षे उपसंपादक होते. अपघाताच्या बातम्या माझ्या टेबलावरून जात. 'चालकाचा ताबा सुटल्याने' हे शब्द मी न थांबता छपाईला सोडत असे. पुढे सासऱ्यांची प्रकृती ढासळली आणि साळवी स्टॉपजवळचे त्यांचे ब्रेक-क्लचच्या सुट्या भागांचे दुकान माझ्याकडे आले. तिथे कळले की ताबा सुटतो तेव्हा नेमके काय सुटते. कधी रबराची एक रिंग, कधी पितळी वॉशर, कधी नळीतले तेल.

वाचकांना एवढीच माहिती पुरेशी आहे. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. पायाखालचे पेडल दाबले की बॉनेटखालच्या एका छोट्या पंपातून तेल नळ्यांमध्ये ढकलले जाते, ते कॅलिपरमधल्या पिस्टनला रेटते, पिस्टन पॅडला रेटतो आणि पॅड डिस्कला आवळतो. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा जोर त्या बुडबुड्यातच खर्च होतो आणि पेडल स्पंजासारखे आत जाते. म्हणून प्रत्येक कॅलिपरला एक छोटा पोकळ स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. तो सैल करून हवा बाहेर काढायची.

आमच्या किनाऱ्यावर या धंद्याला एक जादा शत्रू आहे, खारी हवा. पिस्टन तिने गंजतो, गंजलेला पिस्टन रबरी रिंग खरवडतो. मासळीच्या गाड्यांचे तर बघायलाच नको. बर्फाचे खारट पाणी हौद्यातून गळून थेट मागच्या चाकांवर पडते. बुरोंडीच्या एका मासळीवाल्याला मी सांगितले होते की रोज परत आल्यावर चाकांवर गोडे पाणी मारत जा. तो म्हणाला, "गाडीला गोड्या पाण्याची आंघोळ, आणि आमच्या बायकांनी हंडे घेऊन टँकरमागे धावायचं काय?"

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गॅरेजमध्ये डावे-उजवे म्हणत नाहीत. मेकॅनिक कधी गाडीच्या समोर उभा असतो, कधी खाली उताणा पडलेला असतो. त्याचे उजवे ते गाडीचे डावे होते, आणि भलत्याच चाकाचे नट उघडले जातात. म्हणून ट्रकवाल्यांचे शब्द सगळ्यांनी उचलले. ड्रायव्हर बसतो ती ड्रायव्हर साइड, आणि त्याचा मदतनीस बसतो ती क्लीनर साइड. छोट्या गाड्यांना क्लीनर कधीच नव्हता, पण शब्द राहिला. दुकानातून जोडीचा माल बाहेर पडतो तेव्हा आम्ही एका नगावर मार्करने 'ड्रा' लिहितो आणि दुसऱ्यावर 'क्ली'. सासऱ्यांच्या काळापासूनचा हा रिवाज. त्यावरून कधी घोळ झाल्याचे ऐकिवात नव्हते.

दिगंबर भाटकरांना गावात सगळे 'चीफ' म्हणतात. मालवाहू जहाजांवर ते चीफ इंजिनिअर होते. निवृत्त होऊन भाट्याच्या बाजूला घर बांधून राहिले. त्यांच्याकडे दोन आसनांची, कापडी छपराची, गडद हिरवी परदेशी स्पोर्ट्स कार आहे. तरुणपणी मुंबईत घेतलेली, त्याआधी कुठल्याशा वकिलातीत होती. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. गाडीला गावात 'चीफची होडी' म्हणतात. होडी म्हणण्याचे कारण तिचा आकार असेल किंवा पावसात आत साठणारे पाणी.

चीफ दुकानात आले ते हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन.

"तुमच्याच पेपरात आणलाय, संपादकबाई," ते म्हणाले. "अग्रलेखाचं पान आहे. जड वस्तूला तेच बरं."

आत कॅलिपर होता. पिस्टनवर गंजाचे खड्डे, रबरी रिंग फाटलेली, आणि कॅलिपर ज्या दोन कानांनी बोल्टवर बसतो त्यातला एक चिरलेला. मी विचारत गेले, तसे ते सांगत गेले. गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे परत येताना, वारे गावाजवळ समुद्राकडे उतरणाऱ्या उतारावर पेडल एकदम तळाला गेले होते. त्या जुन्या गाडीत तेलाची एकच वाट आहे. एका ठिकाणी गळली की चारही चाके मोकळी. चीफनी गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी रस्त्याकडेच्या गडग्याला घासून थांबवली. जांभ्याच्या चिऱ्यांचा तो गडगा नसता तर पुढे वळण होते, आणि वळणापुढे समुद्र. चीफ आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, दोघांनाही खरचटलेसुद्धा नाही.

"सुलभा उतरली," चीफ म्हणाले. "पदर झटकला, पर्स घेतली, आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला. मला म्हणाली, या तुम्ही सावकाश. तेव्हापासून गाडीला हात लावत नाही ती."

"नवा कॅलिपर मिळेल, चीफ. शोधावा लागेल, पण मिळेल."

"कॅलिपर मिळेल हो. ती बसेल का? ती बसणार नसेल तर गाडी विकायचीच. पुण्याचा एक जण पाडव्यानंतर बघायला येतो म्हणालाय."

यात रुसव्याफुगव्याचा भाग थोडा होता, व्यवहाराचा जास्त. त्या गाडीचे स्टेअरिंग डावीकडे आहे. आपल्याकडे रस्त्याच्या डावीकडून जायचे, म्हणजे चीफ बसतात कडेच्या गटाराच्या बाजूला. पुढे चिऱ्यांचा ट्रक असला की त्यांना ट्रकची पाठ दिसते, समोरचा रस्ता दिसत नाही. तो दिसतो उजव्या सीटवर बसलेल्याला. लग्न झाल्यापासून उजव्या सीटवर सुलभाताई बसत आणि ओव्हरटेक करायचे की नाही ते सांगत. 'या' म्हटले की चीफ निघत, 'थांबा' म्हटले की मागे राहत. समुद्रावर त्यांचे होकायंत्र आणि रडारवर भागत असे, जमिनीवर सुलभाताईंवर. त्या नसताना चीफ एकदा हातखंब्याला गेले आणि पूर्ण वाट एका रोडरोलरमागून गेले, असे गावात सांगतात. मी चीफना विचारून खातरजमा केली. रोडरोलर नव्हता, ट्रॅक्टर होता.

सुलभाताईंची बाजूही मला त्यांच्याच तोंडून कळली. त्या पोस्टात काउंटरवर होत्या, आता निवृत्त आहेत. भाजीची पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते येऊन गेले असतील. ब्रेक कुठलाही द्या, मी बसायची नाही. उगीच चांगला ब्रेक वाया घालवू नका."

"पण नवा बसवल्यावर..."

"पोस्टात आयुष्य गेलं माझं, बाई. पोचणार म्हटलं की पोचलं पाहिजे. त्या दिवशी मीच पोचले नसते."

गाडी टोचन लावून दत्तू पाष्टेच्या गॅरेजमध्ये आणली होती. दत्तू मिरजोळ्याला असतो. माझ्या दुकानाचा निम्मा माल त्याच्या हातून गाड्यांना लागतो. त्याने मला गाडीत वाकून बघायला सांगितले. उजव्या सीटपुढची काथ्याची चटई चवडा टेकतो त्या एका जागी पार विरली होती, खालचा पत्रा दिसत होता.

"ताई, इकडं पेडल नाय, काय नाय. मग ही झिजली कशानं?"

मला कळायला क्षणभर लागला. ब्रेक चीफ मारत होते, पण सुलभाताईही मारत होत्या. इतकी वर्षे, दर उतारावर, उजव्या पायाने, नसलेल्या पेडलवर.

आता निवड. जुन्या गाडीचा कॅलिपर निवडताना बहुतेक लोक चुकतात ते एकाच समजुतीने, की मोठा ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक. चीफचा पुण्यातला भाचा प्रसाद याच समजुतीचा. त्याने फोनवर लालभडक, चार पिस्टनच्या कॅलिपरचे फोटो पाठवले. शर्यतीच्या गाड्यांना असतात तसले. चीफ खुश झाले. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मागवला, दिलेल्या मापांवरून कॅलिपरचा आकार कापला आणि चाकाच्या आत धरला. चाक त्याच्यावर बसेना.

"मग मोठं चाक लावू," प्रसाद फोनवरून म्हणाला.

"आणि मोठ्या चाकाला मोठी गाडी लावू," चीफ म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

चाक बसले असते तरी मी ते दिले नसते. पेडलच्या एका दाबात पंप ठरावीकच तेल ढकलतो. मोठ्या पिस्टनला जास्त तेल लागते. तांब्याभर पाण्याने घागर भरायला गेलो तर जे होते तेच इथे होते. पेडल खोल खोल जाते आणि पुरत नाही. पंप बदलला तर पुढची चाके मागच्यांपेक्षा आधी जखडतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी नांगर टाकल्यासारखी घसरते. शिवाय त्या कॅलिपरचे आटे वेगळ्या मापाचे. जुन्या नळीचा नट त्यात सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, फसवतो, आणि दाब आला की गळतो. गाडी बनवणाऱ्यांनी पंप, पिस्टन, चाक, वजन यांचा जो हिशेब बसवलेला असतो तो मोडायचा तर सगळाच नव्याने मांडावा लागतो. भाग एकच बदलायचा असेल तर जो होता तोच हवा.

दत्तूचे म्हणणे वेगळे होते. "आपल्याकडच्या जीपचा बसवू. वायच ब्रॅकेट करून घ्यायचा. उद्या काय झाला तर राजापुरातपण सामान मिळंल. ही विलायती सोंगा कशाला?" त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला ज्या गावात सामान मिळते तीच गाडी घरी येते. पण वेल्डिंग केलेल्या ब्रॅकेटवर ब्रेक टांगायचा म्हणजे सगळा भार त्या वेल्डिंगवर. मी राजापूरच्या लेथवाल्या मिस्त्रींना फोन केला. पूर्वी आमच्याकडचे गंजलेले पिस्टन ते नवे करून देत. आता लेथ विकला, मुले मुंबईला असतात. त्यांच्यानंतर त्या कामाला माणूस मिळालेला नाही, ही या धंद्यातली माझी मोठी हळहळ आहे. मिस्त्री म्हणाले, "ब्रॅकेट नको, आणि चिरलेला कान जोडूपण नको. ब्रेकात जोड नसावा, बाय. जोड लग्नात ठीक." दत्तूला मी ते जसेच्या तसे सांगितले. तो मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला. त्याने पुन्हा ब्रॅकेटचे नाव काढले नाही.

उरला एकच मार्ग. जुन्या मापाबरहुकूम नवे बनवलेले कॅलिपर. इंग्लंडमधल्या एका लहान कारखान्यात तसे बनतात असे शोधून काढले. त्यांना तीन गोष्टी विचारल्या. पिस्टनचा व्यास, कानांच्या भोकांमधले अंतर, नळीचा आटा. उत्तरात पूर्ण नकाशा आला, आणि पिस्टन न गंजणाऱ्या पोलादाचे आहेत असेही कळवले. चीफचे एक जुने जहाजसोबती तिकडे स्थायिक आहेत. ते स्वतः जाऊन माल बघून आले आणि त्यांनीच पेटी पाठवली. मासळीच्या गाड्यांमुळे गंज ओळखणारी मी, त्या पिस्टनवरून बोट फिरवताना मला बरे वाटले हे नमूद करते.

ब्रेक जोडीनेच बदलायचे, म्हणून पेटीत पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर होते, घट्ट ग्रीसमध्ये बुडवलेले. मापे ताडून पाहण्यासाठी ग्रीस पुसले, तशा कारखान्याच्या डावे-उजवे सांगणाऱ्या कागदी चिठ्ठ्याही निघून आल्या. मापे तंतोतंत होती. रिवाजाप्रमाणे एकावर 'ड्रा' आणि दुसऱ्यावर 'क्ली' लिहून माल दत्तूकडे गेला.

दत्तूने ते बसवले, तेल भरले, हवा काढली. पेडल मऊ. पुन्हा काढली. मऊ. पंप उघडून पाहिला, नळ्या तपासल्या, मागची चाके तपासली. गळती कुठेच नाही. पेडल दाबले की आधी लोण्यासारखे आत जायचे आणि शेवटी शेवटी थोडे अडायचे. अशा ब्रेकवर गाडी अंगणातसुद्धा फिरवू नये.

प्रसादचा फोन आला. "मामा, मी सांगितलं होतं, लाल घ्या."

इंजिन-रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, पण त्या आठवड्यात चीफ गॅरेजच्या बाकावर नुसते बसून राहत. एकदा मला म्हणाले, "सुलभाचंच बरोबर दिसतंय. काही गोष्टींची वेळ संपलेली असते." पुण्याच्या ग्राहकाला त्यांनी पाडव्यानंतरची वेळ पक्की कळवून टाकली.

तोवर शिमगा आला. शिमग्यात आमच्याकडे कुठले काम होईल याची खात्री देता येत नाही. ग्रामदेवतेची पालखी घरी येणार म्हटल्यावर मुंबईतली माणसे गावी येतात, तर मिरजोळ्यातली का थांबतील? दत्तूचे गॅरेज रिकामे होते. त्याच्या वाडीची पालखी येऊन गेलेली, म्हणून तो एकटा हजर. मी तेलाचा नवा डबा घेऊन गेले होते. पाडव्याच्या आधी एकदा शेवटचे करून बघू, असे ठरले होते.

हवा काढायला दोन माणसे लागतात. एक चाकाशी निपल उघडतो, दुसरा आत बसून पेडल दाबतो. चाकाशी दत्तू. पंपातले तेल संपू न देणे माझ्याकडे. पेडलवर चीफ बसायचे, तर त्यांचा गुडघा पालखी नाचवताना दुखावलेला. पालखी त्यांच्या खांद्यावर आली होती आणि त्यांनी वय आठवले नाही.

सुलभाताई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या.

"वहिनी," दत्तू म्हणाला, "वायच बसा की आत. नुसता दाबायचा न् सोडायचा."

"मी त्या गाडीत बसत नाही, दत्तू. माहीत आहे ना तुला?"

"गाडी चारी बाजूंनी ठोकळ्यांवर हाय ओ. जाऊन जाऊन जाणार कुठं ती?"

सुलभाताईंनी वाकून ठोकळे स्वतः पाहिले. चारही. मग डबा बाकावर ठेवला. "उभ्या गाडीत बसते. हलली की उतरणार." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या डाव्या सीटवर, स्टेअरिंगमागे बसल्या.

"दाबा," दत्तू खालून म्हणाला. "धरा... सोडा. दाबा... धरा... सोडा."

"हे असंच लागतं का? ओल्या पोह्यांत पाय घातल्यासारखं?"

"तोच तर रोग हाय, वहिनी."

मागची चाके झाली. दत्तू पुढे सरकला. "आता क्लीनर साइड करू. मग डायवर साइड."

"म्हणजे कुठली?" आतून प्रश्न आला.

"तुमची ती डायवर साइड. तिकडची क्लीनर."

"इतकी वर्षं मी तिकडे बसत होते. क्लीनरच होते म्हणा ना मी." त्या हसल्या. ती गाडी बिघडल्यापासून त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. "मग आता मी ड्रायव्हर. आणि उद्या दुसऱ्या गाडीत बसले, तर पुन्हा क्लीनर साइड ती ड्रायव्हर साइड? पोस्टात असा पत्ता लिहिला असतात तर पत्र परत पाठवलं असतं मी. बसणारा बदलला की घर बदलतं होय?"

मी तेलाचा डबा धरून डाव्या चाकाशी उभी होते. चाक काढलेले होते आणि कॅलिपरवर दुकानाच्या मार्करने लिहिलेले 'ड्रा' समोर दिसत होते.

रिवाजाने 'ड्रा' म्हणजे उजवा. आमच्या दुकानातून आजवर गेलेल्या प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर उजवीकडेच होता. आम्ही लिहिले ते त्या अर्थाने. दत्तूने वाचले ते त्याच्यासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या अर्थाने, जिचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. उजव्याचा कॅलिपर डावीकडे गेला आणि डाव्याचा उजवीकडे. एकाच शब्दाचे दोघांनी अगदी बरोबर अर्थ लावले होते.

"दत्तू, निपल बघ," मी म्हणाले. "निपल कुठे आहे?"

"खाली."

"आणि हवा कुठे जाते?"

दत्तूने पान्हा खाली ठेवला. हवा वर जाते, हे त्याला सांगावे लागत नाही. निपल कॅलिपरच्या माथ्यावर असावा लागतो, म्हणजे वर जमलेली हवा निघते. जोडीतले दोन कॅलिपर आरशातल्यासारखे असतात. अदलाबदल झाली की प्रत्येक जण डोक्यावर उभा राहतो, निपल तळाशी जातो आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते. पाहिजे तेवढे तेल ओता, ती निघत नाही.

"मी बघितला होता, ताई," दत्तू म्हणाला. "पयल्याच दिवशी. म्हटला निपल उलटा कसा? मग म्हटला, या गाडीत सगळाच उलटा. स्टेरिंग उलटा, आटे उलटे. तर ह्यो पण असंल उलटा!"

चीफ इतके मोठ्याने हसले की गुडघा धरून बसले. "जहाजावर असं होत नाही रे! तिथे पोर्ट आणि स्टारबोर्ड. पोर्ट म्हणजे जहाजाची डावी. तुम्ही पुढे तोंड करा, मागे करा, उलटे टांगून घ्या, पोर्ट ती पोर्टच."

"मग ही पोट-साइड आधी नाय सांगायची?" दत्तू म्हणाला. "हप्ताभर बाकावर बसून माझी मजा बघत होतात!"

कॅलिपर काढून अदलाबदल करायला फार वेळ लागला नाही. रबरी नळी आता ताण न पडता जागेवर पोचली. पहिल्या वेळी ती थोडी वळवावी लागली होती, तेही दत्तूला तेव्हाच आठवले. सुलभाताई तोवर गाडीतून उतरल्या नव्हत्या. कोणी त्यांना उतरा किंवा थांबा म्हणाले नव्हते.

"दाबा... धरा..." निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले. मोठे, मग बारीक, मग नुसते तेल. "सोडा. दाबा... धरा..."

"दत्तू," आतून आवाज आला. "हे थांबलं."

"काय थांबला?"

"पाय. पायाखाली दगड आल्यासारखं झालंय. पुढे जातच नाही."

त्यांनी पुन्हा दाबले. मग दोन्ही पायांनी दाबले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणारे आम्ही तिघे होतो आणि तिघांचेही म्हणणे एक आहे, की त्या तपासत होत्या. काउंटरवर नोट उजेडात धरून बघावी तसे. नव्या कॅलिपरबद्दल मी त्यांना जे सांगितले असते, चीफनी जे सांगितले असते, ते सगळे त्यांच्या पायाला परस्पर कळले होते.

उतरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "डबा गार झाला."

चीफनी खिशातून फोन काढला.

"कोणाला?"

"पुण्याला. येऊ नका म्हणून सांगतो."

"कारण काय सांगणार?"

"क्लीनर कामावर आली म्हणून."

"आले असं मी कुठे म्हटलंय?" सुलभाताई म्हणाल्या. "आधी दत्तूला घेऊन जा त्या उतारावर. तो जिवंत परत आला की बघू."

दत्तू आणि चीफ वारे गावाजवळच्या त्याच उतारावर जाऊन आले. एकदा नाही, अनेकदा. गडग्याचे खाली आलेले चिरेही दत्तूने पुन्हा रचून ठेवले.

दुकान आता माझी सून बघते. मी काउंटरच्या आतल्या खुर्चीवर असते. या धंद्यात लोक माझ्याकडे घाबरून आले आणि बहुतेक जण न घाबरता परत गेले. वर्तमानपत्रात हे समाधान नव्हते. तिथे थांबलेल्या गाडीची बातमी होत नाही. ज्यांनी मला हे काम शिकवले, ते सासरे, राजापूरचे मिस्त्री, दत्तू, आणि एक प्रश्न विचारून आमचा जुना रिवाज मोडणाऱ्या सुलभाताई, या सर्वांची मी ऋणी आहे. आता दुकानात 'ड्रा' आणि 'क्ली' लिहीत नाहीत. गाडीचे तोंड पुढे धरून 'डावा' आणि 'उजवा' असे पूर्ण लिहितात. दत्तू मात्र फोनवर "पोट-साइडचा पाठवा" असेच म्हणतो, आणि त्याला बरोबर तोच मिळतो.

पाडव्यानंतर भाटकर पती-पत्नी गाडीने हेदवीच्या गणपतीला गेले. गाडीत दोनच सीट, त्यामुळे पुढचे मी दोघांकडून वेगवेगळे विचारून घेतले आहे. जयगडला खाडी ओलांडायची तर फेरीबोटीत गाडी चढवावी लागते. जेटीचा उतार तीव्र, भरतीने ओला, आणि पुढे थेट पाणी. बोटीवरचा माणूस हात करून ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." सुलभाताईंनी खिडकीतून बाहेर डोके काढून त्याला सांगितले, "ओ दादा, ते काम माझं आहे." चीफ म्हणतात त्या ओरडल्या. सुलभाताई म्हणतात त्या नेहमीच्या आवाजात बोलल्या. पुढच्या भागाबद्दल मतभेद नाही. त्या 'या' म्हणाल्या तोवर गाडी उतरत राहिली आणि 'बस्स' म्हणाल्या तिथे थांबली.

परत आल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला गाडी दत्तूकडे आली. नव्या कॅलिपरचे बोल्ट थोडा प्रवास झाला की एकदा तपासावे लागतात. मीही गेले होते. उजव्या सीटपुढे चीफनी नवी काथ्याची चटई घातली होती. हेदवीची लाल माती तिच्यावर होती. टाचेची खूण स्पष्ट उमटली होती. चवड्याची नव्हती.